बाळ जन्मल्याबरोबर आधी कुठे? आईच्या छातीवर की वॉर्मरखाली?

मृण्मयी (धागाकर्ती)

प्रसूतीकक्षात अजून सर्रास दिसणारा क्रम असा: बाळ बाहेर आलं, लगेच नाळ कापली, वॉर्मरखाली (बाळाला वरून ऊब देणाऱ्या यंत्राखाली) नेलं, पुसलं, वजन केलं, इंजेक्शन टोचलं, गुंडाळलं आणि मग आईला लांबून तोंड दाखवलं. तोवर ती टाके घालून घेत छताकडे बघत पडलेली.

बाळ रडलं आहे, श्वास नीट चालू आहे, आई शुद्धीवर आहे, तर हा क्रम उलटा हवा असं माझं ठाम मत आहे. बाळाला पुसायचं ते आईच्या पोटावरच. ओलं फडकं काढून टाकायचं, उघडं बाळ आईच्या उघड्या छातीवर पालथं ठेवायचं, दोघांवर मिळून कोरडं पांघरूण घालायचं, बाळाला टोपी घालायची. निदान तासभर, पहिलं पाजणं होईपर्यंत, हलवायचं नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी स्तनपानासाठी दहा पायऱ्या ठरवल्या आहेत. २०१८ मध्ये सुधारलेल्या त्या यादीत चौथी पायरी हीच आहे. अपगार स्कोअर, म्हणजे जन्मल्यावर बाळाचा श्वास, ठोके, रंग बघून दिलेले गुण, छातीवरच घेता येतो. रक्तस्राव टाळण्यासाठीचं व्हिटॅमिन केचं इंजेक्शनही तिथेच देता येतं, आणि बाळ रडतंही कमी. वजन तासाभराने केलं तर काहीही बिघडत नाही.

या तासात बाळ काय करतं ते एकदा नीट बघा. रडून झालं की काही वेळ ते अगदी निपचित पडून राहतं. मग डोळे उघडतं, मूठ तोंडाशी नेतं, जीभ बाहेर काढतं. पायांनी रेटा देत जरा सरकतं, दमतं, थांबतं, परत सरकतं. स्तनाग्राच्या वासाने त्या दिशेला मान वळवतं, आधी नुसतं चाटतं आणि मग तोंड मोठं उघडून लुचायला लागतं. स्वीडनमधल्या अॅन-मारी विडस्ट्रॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये हे नोंदवून ठेवलं आहे. या सगळ्याला बहुतेक बाळांना तासभर लागतो. विसाव्या मिनिटाला वजनासाठी उचललं की सगळं परत पहिल्यापासून.

रात्रपाळी

मी प्रसूतीकक्षात नोकरी करते, त्यामुळे स्पष्ट लिहिते. एक बाई जोर देतेय, दुसरीचं रक्त थांबत नाहीये आणि तिसरी नुकतीच मोकळी झालीये, हे आमच्याकडे नेहमीचं आहे. बाळ वॉर्मरखाली असतं तेव्हा येता-जाता माझी नजर त्याच्यावर पडते. आईच्या छातीवर पांघरुणाखाली असतं तेव्हा पडत नाही. आई रात्रभर कळा सोसून ग्लानीत गेलेली, सोबतचं माणूस फोटो पाठवण्यात गुंतलेलं. बाळाचं नाक दाबलं गेलं तर कोण बघणार?

मी उगीच घाबरवत नाहीये. चांगलं धडधाकट बाळ अचानक निळं पडून श्वास थांबतो, त्याला सडन अनएक्स्पेक्टेड पोस्टनेटल कोलॅप्स म्हणतात. दुर्मीळ आहे, पण त्यातल्या बऱ्याच घटना पहिल्या दोन तासांतल्या आहेत आणि अनेकदा बाळ आईच्या अंगावर पालथंच होतं. तुमच्या सगळ्या वर्णनात बघणारा माणूस कुठे आहे, ताई?

मृण्मयी

रास्त प्रश्न आहे. अमेरिकन अॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने २०१६ मध्ये नेमक्या याच धोक्यावर मार्गदर्शन काढलं. त्यात बाळाला छातीवर ठेवणं बंद करा असं म्हटलेलं नाही, कसं ठेवायचं आणि कसं बघायचं ते सांगितलंय. तोंड दिसलं पाहिजे, मान एका बाजूला वळलेली आणि सरळ, नाक-तोंड मोकळं, खांद्यांवर आणि पाठीवर पांघरूण, चेहऱ्यावर नाही. आई सपाट झोपलेली नको, टेकून अर्धवट बसलेली हवी. बाळाचा रंग आणि श्वास कुणीतरी बघत राहायचं. आई पेंगायला लागली की बाळ सोबतच्या माणसाकडे किंवा पाळण्यात.

माणसं कमी आहेत ही तक्रार खरी आहे. पण ती माणसं वाढवून मागण्याची तक्रार आहे, बाळ उचलून नेण्याचं कारण नाही.

स्वप्नील_र

बाळाला थंडी वाजणार नाही का? वॉर्मर त्यासाठीच असतो ना?

मृण्मयी

बाळ गार पडतं ते मुख्यतः अंगावरचं पाणी वाळताना. म्हणून आधी खसखसून पुसायचं. पुसलेल्या बाळाला आईची छाती छान ऊब देते. आंघोळीची घाई मात्र नको. निदान २४ तास थांबा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. अंगावरचा पांढरा मेणचट थर धुऊन टाकायची गरज नसते.

निशिगंधा

माझा विरोध वेगळा आहे. माझं सिझर घाईत झालं, पूर्ण भूल दिली होती. बाळ माझ्या हातात आलं तेव्हा तो तास केव्हाच उलटून गेला होता. त्यानंतर किती महिने 'पहिला तास चुकला की आई-बाळाचं नातं कच्चं राहतं' असलं वाचून मी रडत होते. हे कुठून आलं ते शोधत गेले तेव्हा १९७२ मधल्या क्लाउस आणि केनेल या अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अभ्यासापाशी पोचले. एकीकडे १४ आया, दुसरीकडे १४. जास्त सहवास मिळालेल्या आयांचं वागणं थोडं वेगळं दिसलं, एवढंच. त्यामुळे बाळ-बाळंतिणीला वेगळं ठेवण्याच्या रीती बदलायला मदत झाली, ते चांगलंच झालं. पण त्यातूनच ठरावीक वेळ गेली की दार बंद, हा समजही पसरला. पुढच्या संशोधनाने तो उचलून धरलेला नाही. नातं महिनोन्‌महिने घडत जातं. दत्तक घेतलेल्या मुलांच्या आयांना विचारा.

आणखी एक. आईला विचारणार आहात का? कुणाला त्या क्षणी उलटी होत असते, कुणी थरथरत असते, कुणाला रक्ताने माखलेलं बाळ अंगावर नकोसं वाटतं. तिने 'पाच मिनिटं थांबा' म्हटलं तर तिच्याकडे वाईट नजरेने बघू नका.

मृण्मयी

निशिगंधा, पटलं. नात्याचा बागुलबुवा मला कुठेच नको आहे. माझा भर पाजण्यावर, उबेवर आणि बाळाच्या स्थिर श्वासावर आहे. पहिला तास हुकला तर दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या आठवड्यातही उघड्या छातीशी धरून फायदा होतोच. आईला आधी विचारायचं, तेही कळा सुरू होण्याआधी. मात्र आज उलटं आहे. तिला न विचारता बाळ नेलं जातं आणि त्याला कुणी सक्ती म्हणत नाही.

भूलतज्ज्ञ

सिझरबद्दल लिहितो, कारण 'सिझरमध्येही सहज जमतं' असं हल्ली फार बोललं जातं. सहज नाही जमत. कमरेखालची भूल असते, आई जागी असते, हे ठीक. पण टेबल अरुंद, पडदा छातीपर्यंत, एका हाताला सलाईन, दुसऱ्याला रक्तदाबाचा पट्टा, छातीवर ईसीजीच्या चिकट्या. खोली गार. भुलीमुळे आईला हुडहुडी भरलेली आणि गर्भाशय हाताळताना मळमळ. ईसीजीच्या चिकट्या खांद्यामागे लावता येतात, पडदा थोडा खाली घेता येतो, बाळ आडवं ठेवता येतं. हे आम्ही करतोही. पण आईच्या डोक्याशी फक्त बाळासाठी एक माणूस उभा असेल तेव्हाच. माझं लक्ष आईच्या रक्तदाबावर असतं, मी बाळाचा रखवालदार होऊ शकत नाही. तो माणूस नसेल तर टाके झाल्यावर रिकव्हरीत सुरू करा. ऑपरेशनच्या टेबलावर सरसकट नियमाला माझा विरोध राहील.

अर्धवर्तुळ

सगळे धडधाकट बाळांबद्दल बोलताय. खरा फरक कमी वजनाच्या बाळांत आहे. कोलंबियातल्या बोगोटात १९७० च्या दशकाच्या शेवटी इन्क्युबेटर पुरत नव्हते म्हणून एडगर रे आणि हेक्टर मार्टिनेझ या डॉक्टरांनी बाळं आयांच्या छातीशी बांधायला सुरुवात केली. तीच कांगारू पद्धत. पुढे कित्येक वर्षं नियम होता की बाळ आधी स्थिर होऊ दे, मग छातीवर. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या चाचणीचे निकाल आले. घाना, भारत, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया इथली ५ रुग्णालयं, १ किलो ते १.७९९ किलो वजनाची बाळं. जन्मल्यापासूनच छातीशी ठेवलेल्यांत पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू १२ टक्के, स्थिर होईपर्यंत थांबलेल्यांत १५.७ टक्के. फायदा इतका उघड दिसला की चाचणी मुदतीआधीच थांबवली. आता सांगा, वॉर्मर आधी का?

रात्रपाळी

आकडे बरोबर, पण ते कुठले ते पुरतं लिहा. त्या चाचणीत नवजात अतिदक्षता विभागातच आयांच्या खाटा घातल्या होत्या, आई आणि बाळ एकत्र, आजूबाजूला प्रशिक्षित माणसं, गरज पडली की छातीवरच श्वासाला आधार. तो आकडा उचलून माझ्या कक्षात आणायचा असेल तर ती खाट आणि ती माणसंही आणा. आमच्याकडे आई टाक्यांच्या टेबलावर असते आणि अतिदक्षता विभागात तिला दारातूनच बघू देतात.

अर्धवर्तुळ

मग ते दार उघडा, एवढंच तर म्हणतोय. यंत्राला जागा मिळते, आईच्या खाटेला मिळत नाही, हे कुणीतरी ठरवलेलं आहे.

मृण्मयी

रात्रपाळी, एक मधला मार्ग सुचवते. पुसणं, वजन, इंजेक्शन, नोंदी, गुंडाळणं यात आजही कुणाचा तरी वेळ जातोच. त्याच माणसाने तो वेळ आईजवळ उभं राहून बाळाकडे बघावं. जास्तीचं माणूस लागणार नाही.

रात्रपाळी

लागेल. त्या कामांना दहा मिनिटं लागतात, तुम्ही तास मागताय. पहिली दहा मिनिटं मी आजपासून द्यायला तयार आहे, बाळ छातीवर ठेवूनच. पुढच्या पन्नास मिनिटांसाठी केसपेपरवर एका माणसाचं नाव लिहिलेलं असेल, सोबतीच्या माणसाला काय बघायचं ते प्रसूतीआधी शिकवलेलं असेल, तर पूर्ण तास ठेवा. ते नाव नसेल तर अकराव्या मिनिटाला मी बाळ माझ्या नजरेसमोर घेईन, आणि त्यात मला काही चूक वाटत नाही.

मृण्मयी

मला वाटते. पण केसपेपरवर नाव लिहायची तुमची मागणी मी माझ्या मागणीत घालते आहे.