नगरसेवकाला सलग दोनच टर्म : नियम करायचा की नाही?

जोडभावी पेठकर

मार्च २०२२ मध्ये आपल्या सोलापूर महापालिकेची मुदत संपली आणि पुढचं मतदान व्हायला १५ जानेवारी २०२६ उजाडलं. मधली जवळजवळ चार वर्षं प्रशासकाचा कारभार. एवढ्या खंडानंतर तरी नवी माणसं पुढं येतील असं वाटलं होतं. आमच्या भागात तसं काही झालं नाही. पत्रकांवर तेच चेहरे, नाहीतर त्याच घरातले.

म्हणून सरळच मांडतो. नगरसेवकाला सलग दोन टर्म मिळाव्यात, म्हणजे दहा वर्षं. मग पाच वर्षं बाहेर बसायचं. त्यापुढच्या निवडणुकीला खुशाल पुन्हा उभं राहा, कायमची बंदी कोणीच मागत नाही. महापौर अडीच वर्षांचा असतो. स्थायी समितीत सोळा सदस्य, त्यातले निम्मे दरवर्षी निवृत्त होतात. पद फिरतं राहावं हे कायद्यालाही पटलेलं आहे, मग नगरसेवकाचीच खुर्ची का अडवून ठेवायची?

"मतदार बघून घेतील" असं कुणी म्हणायच्या आधी आमच्या बोळातलं सांगतो. पाणी चार-पाच दिवसांआड येतं. पाण्याची लाइन सोडणारा चावीवाला कुणाच्या फोनवर चावी दहा मिनिटं जास्त उघडी ठेवतो आणि कुणाच्या बोळाला लवकर बंद करतो, हे पोरासोरांनाही माहीत आहे. आयुक्त बदलले, झोनचे अधिकारी बदलले, नगरसेवक आणि चावीवाला मात्र तेच राहिले. प्रचारात एक नवा पोरगा हात जोडून आला तर आमच्या शेजारच्या मावशी त्याच्या तोंडावर म्हणाल्या, "बाळा, तू चांगला आहेस, पण तुला मत दिलं आणि तू पडलास तर आमचं पाणी कोण सोडणार?" याला निवड म्हणायचं का? पाणी हक्काचं असताना ते मेहरबानीवर आलं की मत मोकळं राहत नाही.

कायद्याची अडचण वाटत नाही. घटनेच्या कलम २४३-व्ही प्रमाणे नगरसेवकाच्या अपात्रतेचे नियम राज्याचं विधिमंडळ करू शकतं. दोन अपत्यांची अट अशीच आली, सप्टेंबर २००१ पासून ती लागू आहे.

सात रस्ता

मालक, पाण्याचं बोललात ते शंभर टक्के खरं. उपाय पटत नाही.

सांगोल्यातून गणपतराव देशमुख अकरा वेळा आमदार झाले. आपल्याच जिल्ह्यातले. तुमच्यासारखा नियम विधानसभेला असता तर दोन टर्मनंतर त्यांना घरी बसवलं असतं. आणि मतदारांनी त्यांना डोळे झाकून निवडलं असंही नाही, १९७२ ला पाडलं, १९९५ ला पाडलं. ज्या लोकांनी अकरा वेळा निवडलं त्याच लोकांनी दोनदा पाडलंही. हा अधिकार लोकांच्या हातात असताना तो कायद्याच्या हातात का द्यायचा?

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. महापालिकेत अंमलबजावणीचे अधिकार आयुक्तांकडे असतात, नगरसेवकाकडे नसतात. आयुक्त येतात, दोन-तीन वर्षांत बदलून जातात. बजेटमध्ये कुठल्या शीर्षाखाली किती पैसा पडून आहे, कुठलं काम तीन वेळा मंजूर होऊन एकदाही झालेलं नाही, हे सभागृहात उभं राहून विचारणारा माणूस जुनाच असतो. नव्याला अंदाजपत्रक वाचायला शिकण्यातच दोन वर्षं जातात. सगळे जाणते बाहेर काढलेत तर सभागृह अधिकाऱ्यांच्या खिशात जाईल. चार वर्षं प्रशासक होता तेव्हा कुणाला विचारत होतो आपण? कुणालाच नाही.

पूर्व भाग, अशोक चौक

दोघांनाही नमस्कार. दोन टर्मचा नियम आला की काय होणार ते आमच्याकडं आधीच होऊन गेलंय.

आमची जागा आरक्षणाच्या सोडतीत महिला झाली. तोवर नगरसेवक असलेल्या साहेबांनी वहिनींना उभं केलं, वहिनी निवडून आल्या. त्यानंतर मी ड्रेनेजची तक्रार घेऊन झोन ऑफिसला गेलो होतो. टेबलापुढच्या खुर्चीवर साहेब बसलेले, फाइल उघडून अभियंत्याला सांगत होते काय लिहायचं ते. वहिनी बाजूला बाकड्यावर, पर्समध्ये शिक्का. साहेबांनी हात पुढं केला की शिक्का द्यायचा. त्यांच्याकडं बघून मीच खाली मान घातली.

कायद्यानं साहेब तेव्हा नगरसेवक नव्हतेच. तुमच्या नियमात ते "पाच वर्षं बाहेर" धरले जातील आणि नंतर अधिकृतपणे परत येतील. फिलिपिन्समध्ये १९८७ च्या राज्यघटनेनं स्थानिक पदांना सलग तीन टर्मची मर्यादा घातली. तिथं नवरा उतरला की बायको उभी राहते, बायको उतरली की पोरगा. घराणी मोडली नाहीत, उलट घरातली जास्त माणसं राजकारणात आली. आपण वेगळं काय करणार आहोत?

अर्बन बँकेतली नोकरी

मी मर्यादेच्या बाजूनं आहे, आणि माझ्या डोळ्यांदेखत झालेलं सांगतो.

सहकारी बँकांच्या संचालकांना अशीच मर्यादा आहे. २०२० च्या बँकिंग नियमन कायद्याच्या दुरुस्तीनं ती सलग आठ वर्षांची झाली. ऑगस्ट २०२५ पासून दहा वर्षांची आहे. मी ज्या बँकेत होतो तिथले काही संचालक मी नोकरीला लागायच्याही आधीपासून बसलेले होते. थकीत कर्जांची यादी बोर्डापुढं जायची, पान उलटलं जायचं, सह्या व्हायच्या. कारण त्या यादीतली निम्मी नावं कुणाच्या शिफारशीवरची आहेत हे टेबलाभोवती बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. नवे संचालक आले तेव्हा त्यातल्या एकानं पहिल्याच सभेत यादीवर बोट ठेवून विचारलं, "या खात्याला जामीनदार कोण?" वसुलीला माणसं त्यानंतर निघाली.

सात रस्ता भाऊ, अनुभवाचं तुमचं म्हणणं मान्य. पण जुन्या माणसाला जसं फाइलींचं ज्ञान असतं तसं त्या फाइलींतलं मिंधेपणही असतं. पहिल्याचा लोकांना फायदा होतो, दुसऱ्याचा तोटा होतो, आणि वर्षं वाढतात तसं दुसरंच वाढत जातं.

सात रस्ता

आणि त्या बँकेत पायउतार झालेल्यांच्या जागी कोण आलं? सगळेच नवे, की सुना-मुलंही?

अर्बन बँकेतली नोकरी

दोन जागांवर घरातलीच आली. खोटं कशाला बोलू. पण बाकीच्या जागांवर आली नाहीत, आणि जामीनदार विचारणारा त्या बाकीच्यांतलाच होता. मला तेवढं पुरेसं आहे.

हद्दवाढ भाग

तुम्ही सगळे गावठाणातले, पेठांतले. १९९२ च्या हद्दवाढीत आम्ही शहरात आलो. टॅक्स शहराचा आणि रस्ते रानातले, असं कैक वर्षं चाललं. गुंठेवारीचे प्लॉट, लेआउट मंजूर नाहीत, म्हणून ड्रेनेजला निधी नाही, म्हणून पावसाळ्यात दारात गुडघाभर चिखल. आमच्या नगरसेवकानं पहिल्या टर्ममध्ये नुसती कागदं गोळा केली. दुसऱ्या टर्ममध्ये प्रस्ताव गेला. लाइन पडली तिसऱ्या टर्ममध्ये. दोन टर्मवर थांबवलं असतं तर नव्यानं पुन्हा कागदापासून सुरुवात केली असती, आणि आम्ही अजून चिखलात असतो.

विडी घरकुल

हद्दवाढवाले दादा, एक विचारते. काम त्या माणसानं केलं की त्याच्या खुर्चीनं?

शहराजवळच्या कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहत झाली, दहा हजार घरं, विडी कामगार बायकांची. २००६ मध्ये त्याचा कार्यक्रम झाला तेव्हा विडी कामगारांचे नेते आडम मास्तर आमदार होते. २००९ ला ते हरले. त्यानंतर रे नगरची तीस हजार घरांची योजना उभी राहिली, त्यातल्या पंधरा हजार घरांचं लोकार्पण जानेवारी २०२४ मध्ये झालं. हे सगळं चाललं तेव्हा मास्तर कुठल्याच सभागृहात नव्हते. युनियन होती, मोर्चे होते, दिल्ली-मुंबईच्या खेपा होत्या. बायकांनी हप्त्या-हप्त्यानं पैसे भरले होते. पटतंय का बघा : ज्याला काम करायचंय तो पाच वर्षं बाहेर राहूनही करतो. तुमच्या नगरसेवकानंही तिसऱ्या टर्मला बाहेरून पाठपुरावा केला असता तर त्याला अडवलं कुणी असतं?

हद्दवाढ भाग

अडवलं असतं की! ताई, मास्तरांच्या मागं हजारो बायकांची संघटना होती. आमच्या भागात संघटना कुठली? झोन ऑफिसात साधा नागरिक गेला तर "साहेब साइटवर गेलेत" एवढंच ऐकायला मिळतं. नगरसेवक म्हणून गेला की फाइल सापडते. खुर्ची लागते ताई, गरिबाच्या वस्तीला तर जास्तच लागते.

जुळे सोलापूर

कायदा करायच्या भानगडीत न पडता हे पक्षांवर सोडता येईल. २०१७ ला दिल्लीत भाजपनं महापालिकेतल्या विद्यमान नगरसेवकांना सरसकट तिकीट नाकारलं. २०२१ ला गुजरातच्या स्थानिक निवडणुकांत तीन टर्म झालेल्यांना, साठीच्या पुढच्यांना आणि नेत्यांच्या नातेवाइकांना उमेदवारी नाही असं ठरवलं. त्याच वर्षी केरळात माकपनं विधानसभेला सलग दोन टर्मवाल्यांना थांबवलं, अर्थमंत्री थॉमस आयझॅकही त्यात गेले. दोन टोकांचे पक्ष, पण दोघांनाही करता आलं.

जोडभावी पेठकर

पक्षावर सोडलं की नियम पक्षाच्या सोयीनं वापरला जातो. नको असलेल्याला "टर्म झाली" म्हणायचं, हव्या असलेल्याला "अपवाद" म्हणायचं. शिवाय तिकीट कापलेला दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पक्षाचं उपरणं घालून उभा असतो, हे आपण सोलापुरात बघत नाही का? कायदा सगळ्यांना सारखा असतो म्हणून कायद्याचा आग्रह आहे.

आणि पूर्व भागवाल्यांनी मांडलेल्या शिक्क्याच्या गोष्टीवर माझं उत्तर असं की नियमात कुटुंबही धरा. नवऱ्याच्या दोन टर्म झाल्या तर लगेचच्या निवडणुकीत त्याच प्रभागातून बायको, मुलगा, सून कुणीच नको.

सात रस्ता

कायदा सगळ्यांना सारखा असतो, पण तो बदलणारे सगळ्यांसारखे नसतात. न्यूयॉर्कच्या लोकांनी १९९३ मध्ये मतदान करून महापौराला आणि नगरसेवकांना दोन टर्मची मर्यादा घातली. २००८ मध्ये ब्लूमबर्ग महापौर असताना तिथल्या सभागृहानंच ती तीन केली, म्हणजे स्वतःलाच वाढवून घेतली. २०१० ला लोकांना परत मतदान करून ती दोनवर आणावी लागली. आपल्याकडं लोकांना असं मतदान करायची सोयच नाही. संचालकांची आठची दहा वर्षं झाली तेव्हा ठेवीदारांना कुणी विचारलं होतं?

माझ्या मते मूळ दुखणं प्रभागपद्धतीत आहे. २०१७ ला २६ प्रभागांत १०२ नगरसेवक निवडून दिले, बहुतेक ठिकाणी एका प्रभागात चार. रस्ता खचला तर चौघं एकमेकांकडं बोट दाखवतात, आणि पॅनेलमधल्या एकाच्या जोरावर बाकीचे तिघं तरून जातात. एक वॉर्ड, एक नगरसेवक करा. नाकर्ता माणूस पाडणं लोकांना आपोआप सोपं होईल, मग टर्म मोजायची गरज राहणार नाही.

अर्बन बँकेतली नोकरी

एक वॉर्ड एक नगरसेवक, याला माझा पूर्ण पाठिंबा. पण चार सदस्यांचे प्रभाग यायच्या आधीही ठाण मांडून बसलेले होतेच.

विडी घरकुल

पेठकर काका, टर्मच्या नियमाला माझा होकार आहे, पण तुमच्या कुटुंबाच्या अटीला माझा कडक विरोध.

महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक संस्थांत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. मी बचत गटाच्या कामानं झोन ऑफिसात जाते, तिथं नुसत्या शिक्क्याच्या नगरसेविका बघितल्या तशा वेगळ्याही बघितल्या. एकीला पहिल्या वर्षी नवरा सोबत घेऊन यायचा. तिसऱ्या वर्षी ती एकटी यायची आणि अभियंत्याला मोजमाप पुस्तिका उघडायला लावायची. नवऱ्याच्या दोन टर्म झाल्या होत्या. तुमचा नियम असता तर ही बाई कधी उभीच राहिली नसती, कारण आमच्याकडं बायकांना राजकारणाचं दार बहुतेक वेळा घरातूनच उघडतं. नवऱ्यानं खुर्ची अडवली त्याची शिक्षा तिला का?

त्यापेक्षा नवऱ्यालाच आवरा. झोनच्या आणि प्रभाग समितीच्या बैठकीला निवडून आलेल्या बाईशिवाय घरातला कुणी बसला तर बैठक थांबवायची, आणि अधिकाऱ्यानं त्याच्या सांगण्यावरून फाइलवर शेरा मारला तर त्या अधिकाऱ्यावर कारवाई. प्रत्येक बैठकीला कोण हजर होतं ते नावानिशी लिहून झोन ऑफिसच्या फलकावर लावायचं. याला विधिमंडळाची वाट बघायला लागत नाही, आयुक्तांनी परिपत्रक काढलं तरी सुरू होईल. आमच्या गटाच्या बायकांच्या सह्या घेऊन मी या सोमवारी निवेदन देणार आहे. टर्मच्या बाजूचे असोत की विरोधातले, इथं लिहिणाऱ्यांपैकी ज्यांना सही करायचीय त्यांनी अकरा वाजेपर्यंत महापालिकेच्या इंद्रभवन इमारतीच्या पायऱ्यांपाशी यावं.

पूर्व भाग, अशोक चौक

येतो ताई. आमच्या बोळातली आणखी चारपाच माणसं घेऊन येतो.

सात रस्ता

सही करणार. टर्मच्या नियमाला विरोध कायम आहे, तेवढं निवेदनात वेगळं लिहा.