‘संमोहित करणे’ की ‘संमोहनात जाणे’?

प्रश्न: कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका दवाखान्यात मी समुपदेशनाचं काम करते. संमोहन उपचाराआधी रुग्णाची सही घेतात, तो कागद मराठीत लिहायला घेतलाय आणि पहिल्याच वाक्यावर अडलेय: ‘रुग्णाला संमोहित केले जाईल.’ ते वाचून एका मुलाची आई म्हणाली, “पोराला कुणाच्या कह्यात द्यायचं न्हाई आमाला.” दुसरा शब्द सुचवाल का?

उत्तर: ताई, शब्द राहू द्या, क्रियापद बदला. त्या माउलीने वाक्य बरोबर वाचलंय. ‘संमोहन’ ज्या संस्कृत ‘मुह्’ धातूवरून आलं, त्याचा अर्थच भांबावणे, शुद्ध हरपणे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात ‘संमोहात् स्मृतिविभ्रमः’ आहे. संमोहाने आठवण ढळते. त्याला ‘केले जाईल’ जोडलं की रुग्ण नुसता कर्म उरतो. भारणे, मंतरणे, मोहिनी घालणे, सगळीकडे करणारा दुसराच.

प्रत्यक्षात तसं घडत नाही. मँचेस्टरचे शल्यचिकित्सक जेम्स ब्रेड यांनी १८४३च्या पुस्तकात ग्रीक ‘हिप्नोस’, म्हणजे झोप, यावरून या विद्येचं ‘हिप्नॉटिझम’ हे नाव बेतलं. पुढे त्यांनाच पटलं की ही झोप नव्हे, एकाच कल्पनेवर खिळलेलं लक्ष आहे. रुग्ण जागा असतो, ऐकत असतो, नंतर बहुतेकांना सगळं आठवतं. १९५९ साली वाइट्झेनहोफर आणि हिल्गार्ड या मानसशास्त्रज्ञांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात मोजपट्टी तयार केली, तीही संमोहनात जाणाऱ्याची क्षमता मोजते, नेणाऱ्याची ताकद नव्हे. हे त्या आईंना आधी सांगा.

आणि त्या अनुभवाचा गाभा मराठी किती नेमका पकडते पाहा. ‘मी हात उचलला’ आणि ‘माझा हात उचलला गेला’. दुसऱ्या वाक्यात हात माझाच, पण उचलणारा मी आहे असं वाटत नाही. संमोहनातली माणसं हेच सांगतात.

आणखी एक उत्तर: आईंची भीती दुसरीकडूनही आली असेल. ओढ्यावरच्या रेणुकेपाशी ‘अंगात आलं’, ‘वारं आलं’ हे शब्द आपण लहानपणापासून ऐकतो. तिथे माणूस कर्ताही नाही, कर्मही नाही. तो फक्त जागा. घरात एरवी तोंड न उघडणारी सून घुमायला लागली की थोरल्यांनाही अरेतुरे करते, आणि त्याचा जाब तिला कुणी विचारत नाही, कारण बोलली ती देवी. आपल्या मुलाची जागा अशी दुसरं कुणी घेईल, हेच त्या आईंना नको असणार.

‘शरण जाणे’ मात्र या कुळातलं नाही. शरण म्हणजे आसरा, आणि तिथे माणूस आपल्या पायांनी जातो. गीतेत अर्जुन ‘प्रपन्न’, म्हणजे शरण आलेला, होऊन ऐकायला बसतो आणि शेवटी ‘स्मृतिर्लब्धा’ म्हणतो. संमोहाने गेलेली आठवण शरण गेल्यावर परत मिळते! ‘आरोपी पोलिसांना शरण’ वाचून वाचून आपल्याला त्यात फक्त हार दिसू लागली, याचं मला वाईट वाटतं.

पहिलं उत्तर देणारे: पटलं. मग कागदावर रुग्णालाच कर्ता करा: ‘मी माझ्या इच्छेने संमोहनावस्थेत जाणार आहे. मधेच थांबावंसं वाटलं तर मी तसं सांगेन आणि उपचार थांबेल.’

ताई, ‘डॉक्टर सूचना देतील’ असं वाक्य असेल तर तेही काढा. आपल्याकडे सूचना फलकावर लागते, ती पाळायची असते. ‘डॉक्टर सुचवतील’ लिहा. सुचवलेल्याला नाही म्हणता येतं.