हायपरपॉप: एक अल्बम आवडला, पण बाकीचं अजून पचत नाही

साशंक_श्रोता:
हायपरपॉप म्हणजे किनरे आवाज, फाटका बास आणि दर दहा सेकंदांनी बदलणारा ठेका, हे मत अजून पुरतं बदललेलं नाही. पण निनाजिराची या ऑस्ट्रेलियन प्रोड्युसरचा ऑगस्ट २०२५ मध्ये आलेला 'आय लव्ह माय कंप्युटर' ऐकला आणि पंचाईत झाली. मसाला बराचसा तोच, तरी अल्बम सलग ऐकवतो. 'आयपॉड टच' तर गुणगुणावंसं वाटतं. त्या भरात १०० गेक्स या जोडीचा '१००० गेक्स' हा अल्बम लावला, तर डोकं उठलं.

हा अल्बम मुळात हायपरपॉप आहे का? आवाज असे का आणि कसे पिळतात? आणि पुढे काय ऐकावं? 'ऐकत राहा, सवय होईल' छाप उत्तरं कृपया नकोत.

तिरपा_ठेका:
शिक्क्याचं फार मनावर घेऊ नका. ब्रिटिश प्रोड्युसर ए. जी. कूक यांनी २०१३ मध्ये लंडनला पीसी म्युझिक हे लेबल काढलं, त्याच वर्षी सोफी या प्रोड्युसरचं 'बिप' हे गाणं आलं. 'हायपरपॉप' हे नाव मात्र सर्वतोमुखी झालं ते ऑगस्ट २०१९ मध्ये स्पॉटिफायने त्या नावाची प्लेलिस्ट काढल्यावर. त्या टोपलीत घातलेल्या निम्म्या लोकांना ते नाव आवडतही नाही.

तुमचा अल्बम बसतो नृत्यसंगीताच्या सांगाड्यावर. ताण वाढत जातो, ड्रॉप (ताण सुटून ठेका जोरात कोसळतो ती जागा) कुठे येणार याचा अंदाज लागतो, आणि तो आला की समेवर आल्यासारखं वाटतं. वर कितीही चिरफाड केली तरी कानाला टेकायला जागा असते. '१००० गेक्स' ही जागाच काढून घेतो: स्का, डबस्टेप, ट्रान्स, मेटल, सगळं २३ मिनिटांत. तिथे एकाच ठेक्याची वाट पाहत बसलात तर डोकं उठणारच. प्रत्येक तुकडा हा स्वतंत्र विनोद आहे असं धरून ऐका.

जाता जाता: या अल्बममध्ये 'सायरॅक' नावाचा ट्रॅक आहे. सायरॅक हा ऑस्ट्रेलियाचा पहिला संगणक. १९५१ च्या सुमारास त्याच्यावर गाण्यांच्या चाली वाजवल्या गेल्या, त्याही ध्वनिनिर्मितीचं कुठलंही वेगळं यंत्र न लावता. प्रोग्रॅम कुठवर आला हे ऐकून कळावं म्हणून जो स्पीकर जोडलेला होता, त्यालाच थेट स्पंद पाठवायचे. दोन स्पंदांमधलं अंतर म्हणजे सूर. पण ते अंतर यंत्राच्या ठरलेल्या टप्प्यांतच बदलता यायचं, म्हणून वरचे सूर नेमके लागत नसत. अल्बमचं नाव नुसती गंमत नाही, हे त्यावरून कळेल.

रीट्यून_शून्य:
आवाजाबद्दल. दोन वेगळ्या गोष्टींची लोक गल्लत करतात.

पहिली, पट्टी वर नेणं. ४ सेमीटोन (सेमीटोन म्हणजे हार्मोनियमच्या शेजारच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर) वर नेलं की कंपनसंख्या सुमारे २६ टक्क्यांनी वाढते. नुसता वेग वाढवून हे केलं तर फॉर्मंटही वर सरकतात. फॉर्मंट म्हणजे घसा आणि तोंडाच्या पोकळीमुळे उठून येणारे कंपनसंख्यांचे पट्टे. ते सरकले की गाणाऱ्याचा गळा आखूड झाल्यासारखा वाटतो. तुम्ही म्हणता तो किनरेपणा हाच. फॉर्मंट जागेवर ठेवून फक्त सूर चढवता येतो, किंवा सूर तोच ठेवून फॉर्मंट हलवता येतात. चांगले प्रोड्युसर एका ओळीत हे तीन-चार वेळा बदलतात, त्यामुळे गाणारी व्यक्ती एकच की दोन हेच कळेनासं होतं.

दुसरी, ऑटोट्यून, म्हणजे गायलेला सूर जवळच्या स्वरावर ओढणारं सॉफ्टवेअर. त्यातला रीट्यून स्पीड (सूर किती झटकन ओढायचा ते) शून्यावर ठेवला की मींड उरतच नाही, तिच्या पायऱ्या होतात. म्हणून गाताना मुद्दाम घसरत गायचं. जितकी घसरण जास्त तितक्या पायऱ्या ठळक. इथे हमखास बिघडतं ते स्केल (गाण्यात लागणारे ठरावीक स्वर) न निवडल्यामुळे. बाराही स्वर मोकळे ठेवले तर आवाज दोन शेजारच्या स्वरांमध्ये थरथरत राहतो आणि ते बेसुरंच लागतं. आधी गाण्याची पट्टी आणि स्केल ठरवा, मग शून्य.

करून बघायचं असेल तर क्रम असा: श्वास आणि खोलीचा आवाज साफ करा, ऑटोट्यून, पट्टी ३ ते ५ सेमीटोन वर, डी-एसर (सळसळ दाबणारं साधन), मग ओटीटी (मोठे-बारीक आवाज एका पातळीला आणणारा कॉम्प्रेसर). डी-एसर नंतरच का? 'स' आणि 'श' ची सळसळ ६ किलोहर्ट्झला असेल तर ४ सेमीटोनांनी ती साडेसातच्या वर जाते आणि टोचते. ओटीटी २० ते ३० टक्केच. तो बारीक आवाजही वर खेचतो. शंभर टक्क्यांवर ठेवलात तर गाण्यापेक्षा श्वासच मोठे ऐकू येतील.

खर्जातला:
फाटक्या बासबद्दल कोणीच बोललं नाही. तो आळस नव्हे, सोय आहे. ४५ हर्ट्झचा शुद्ध सूर फोनच्या किंवा लॅपटॉपच्या स्पीकरवर जवळजवळ ऐकूच येत नाही. तो फाडला की ९०, १३५, १८० अशा पटींत नवे सूर तयार होतात. वरचे सूर छोट्या स्पीकरलाही थोडेफार झेपतात आणि त्यांवरून कान खालचा सूर भरून काढतो.

डोकं उठण्याचं कारण बहुतेक वेळा आवाज मोठा असणं हे नसतं, चढउतार नसणं हे असतं. या गाण्यांचं मास्टरिंग (प्रकाशनाआधीची शेवटची प्रक्रिया) उणे ६ एलयूएफएसच्या आसपास असणं नवलाचं नाही; एलयूएफएस हे कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप, शून्याच्या जितकं जवळ तितका आवाज मोठा. स्पॉटिफाय ते साधारण उणे १४ वर आणतं, म्हणजे ८ डीबी कमी. पण छाटलेली टोकं त्याने परत येत नाहीत. भिंत तशीच, फक्त लांब गेली. तेव्हा आवाज कमी ठेवा, बास बूस्ट बंद करा, इक्वलायझरवर ३ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात २-३ डीबी उतरवा.

तिरपा_ठेका:
पुढे काय ऐकावं ते राहिलंच. ब्रिटिश पॉप गायिका चार्ली एक्ससीएक्सचं 'पॉप २' (२०१७) घ्या. निर्मिती मुख्यतः कूक यांची, चाली ठसठशीत. मग सोफीचा २०१८ चा 'ऑइल ऑफ एव्हरी पर्ल्स अन-इनसाइड्स'. त्यातलं 'फेसशॉपिंग' नीट ऐका: धातू वाकवल्यासारखे, रबर ताणल्यासारखे ते आवाज. सोफी असे आवाज रेकॉर्ड केलेल्या नमुन्यांवरून नव्हे, तर सिंथेसायझरवर साध्या लहरींपासून घडवायची. इलेक्ट्रॉन मोनोमशीन हे तिचं आवडतं यंत्र. गेक्स त्यानंतर.

रीट्यून_शून्य:
क्रमाला विरोध. २३ मिनिटांचा अल्बम शेवटी कशाला ठेवायचा? 'पॉप २' झाल्या झाल्या गेक्स पुन्हा लावा, फक्त आवाज कमी ठेवून.

साशंक_श्रोता:
एकच इअरबड लावून ऐकलं तर काही बिघडतं का?

खर्जातला:
बिघडतं. चिरलेले आवाज डावी-उजवीकडे फेकलेले असतात, त्यातले अर्धे गायब होतात. फोनमध्ये मोनो (दोन्ही बाजू एकत्र करणारी सोय) चालू केलंत तर ते परत येतील, पण सुपरसॉ हा सिंथेसायझरचा भरगच्च आवाज हडकुळा वाटेल: किंचित बेसूर केलेल्या सात करवती लहरी दोन्ही बाजूंना पसरून तो रुंद केलेला असतो, आणि दोन्ही बाजू एकत्र केल्या की काही लहरी एकमेकींना खातात. दोन्ही इअरबड लावा.