भूकंपानंतर डोंगराळ भागात मदत पोहोचवताना समन्वय नेमका कुठे तुटतो?

पायवाट (प्रश्न)

२५ एप्रिल २०१५ रोजी नेपाळमध्ये झालेल्या ७.८ तीव्रतेच्या भूकंपानंतरच्या मदतकार्याविषयी मी गेले काही आठवडे वाचतो आहे आणि एक गोष्ट अजून उलगडलेली नाही. काठमांडूच्या त्रिभुवन विमानतळावर जगभरातून आलेला माल साठून राहिला होता आणि त्याच दिवसांत गोरखा व सिंधुपाल्चोक या जिल्ह्यांतल्या वरच्या वस्त्यांवर लोक उघड्यावर झोपत होते. माल होता, पैसा होता, माणसेही होती, मग घोडे अडले कुठे? राजधानीत एकच नियंत्रण कक्ष असता आणि सर्व संस्थांनी त्याच्याच आदेशानुसार काम केले असते, तर हे टळले असते का? ‘क्लस्टर’ पद्धतीचा (म्हणजे आरोग्य, निवारा अशा क्षेत्रांनुसार संस्थांचे गट करण्याचा) उल्लेख सगळीकडे येतो, परंतु बैठकांपलीकडे तिच्यातून काय साधते हे कोणी नीट सांगत नाही. ज्यांनी असे काम केले आहे किंवा ज्यांचा या विषयाचा अभ्यास आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

गोदामवाला

मी त्या वर्षी मे ते ऑगस्ट या काळात एका मदतसंस्थेचे सिंधुपाल्चोक जिल्ह्यातल्या चौतारा येथील गोदाम सांभाळत होतो, त्यामुळे माझे उत्तर गोदामाच्या दारातून जेवढे दिसते तेवढेच आहे, हे आधीच मान्य करतो.

विमानतळावरची कोंडी खरी होती, पण तिची चर्चा गरजेपेक्षा जास्त झाली, कारण पत्रकारही तिथेच उतरत होते. धावपट्टी एकच, विमाने उभी करायला जागा थोडी, आणि धावपट्टीची हानी झाल्याने ३ मे रोजी अवजड विमानांना बंदी घालावी लागली. तरीही संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाच्या पुढाकाराने मार्च २०१५ मध्ये, म्हणजे भूकंपाच्या जेमतेम महिनाभर आधी, विमानतळावर आपत्कालीन साठवणुकीचा तळ तयार झाला होता, म्हणून उतरलेला माल निदान निवडून लावता आला. काही खेपा सीमाशुल्काच्या कागदपत्रांत अडकल्या. हे सगळे कटकटीचे असले तरी सुटण्याजोगे होते. खरी अडचण रस्ता जिथे संपतो तिथून पुढे होती.

आमच्याच गोदामातली गोष्ट सांगतो. पावसाळा तोंडावर आला होता आणि प्रत्येक कुटुंबाला छपरासाठी जस्ताचे पत्रे द्यायचे ठरले होते. राजधानीतल्या आमच्या खरेदी विभागाने चांगल्याच हेतूने जाड, दहा फुटी पत्रे घेतले, कारण ते जास्त वर्षे टिकतात. ट्रकने ते आमच्यापर्यंत व्यवस्थित आले, पुढे खेचरांच्या वाटेवर मात्र चढेनात. खेचराच्या पाठीवर असा पत्रा आडवा बांधता येत नाही, आणि उभा बांधला तर पुढेमागे बराच बाहेर राहतो, वळणावर त्याचे टोक डोंगराला घासते आणि जनावर दरीच्या बाजूला ढकलले जाते. पहिल्याच दिवशी खेचरवाल्याने दुसऱ्या वळणावर माल उतरवून ठेवला आणि तो परत आला. त्याचे काहीही चुकले नव्हते. शेवटी आम्ही पातळ पत्रे मागवले. ते सतरंजीसारखे गुंडाळून दोरीने आवळता येतात आणि नाम्लोचा पट्टा कपाळावर घेऊन भरिया (ओझे वाहणारा हमाल) ते पाठीवरून नेऊ शकतो. जाड पत्रे रस्त्याकाठच्या गावांत दिले. पत्र्याची जाडी ठरवणाऱ्या माणसाला वाट किती अरुंद आहे हे ठाऊक नव्हते, एवढाच तो घोळ, आणि त्यात आमचे अकरा दिवस गेले.

हेलिकॉप्टरकडून लोक फार अपेक्षा ठेवतात. उंचावर हवा विरळ असल्याने त्याची भार उचलण्याची क्षमता घटते, आणि दुपारनंतर दऱ्यांत ढग भरू लागले की उड्डाणे थांबतात. सकाळच्या त्या मोजक्या फेऱ्यांत जखमी, तांदूळ, डॉक्टर आणि पाहणीसाठी आलेले पाहुणे यांपैकी कोणाला जागा द्यायची हा रोजचा वाद असे (पाहुण्यांना जागा मिळे, हे वेगळे सांगायला नको). जागतिक अन्न कार्यक्रमाने ट्रेकिंगच्या व्यवसायातले भरिया आणि खेचरवाले कामाला लावून उंचावरच्या वस्त्यांपर्यंत वाहतूक सुरू केली आणि तुटलेल्या पायवाटाही दुरुस्त करवून घेतल्या. त्या सबंध मोहिमेतला हा मला सर्वांत शहाणपणाचा निर्णय वाटतो. पर्यटन ठप्प झाल्याने ही माणसे रिकामी बसली होती, आणि कोणत्या वाटेवर दरड आली आहे हे नकाशे करणाऱ्यांच्या आधी त्यांना कळत असे.

तळटीप

गोदामवाल्यांशी मी बहुतांशी सहमत आहे, मात्र मूळ प्रश्नातल्या ‘एकच नियंत्रण कक्ष’ या कल्पनेविषयी लिहिणे आवश्यक वाटते.

परक्या देशातून आलेल्या संस्थांना आदेश देण्याचा अधिकार असतो तो त्या देशाच्या सरकारला. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर १९९१ मध्ये संमत केलेल्या ४६/१८२ क्रमांकाच्या ठरावातही मदतकार्याची सुरुवात, संघटन आणि समन्वय यांत बाधित देशाची भूमिका प्रमुख मानली आहे. म्हणून क्लस्टरची बैठक कोणालाही हुकूम सोडू शकत नाही. आरोग्य, निवारा, पाणी, वाहतूक अशा प्रत्येक क्षेत्रातल्या संस्थांना ती एका टेबलाभोवती बसवते आणि कोण, काय, कुठे करणार याचा तक्ता भरून घेते. हा तक्ता किती बारकाईने भरला आहे यावर सगळे अवलंबून असते. तक्त्यात जिल्ह्याचे नाव लिहिले की जिल्हा ‘झाला’ असे दिसते, प्रत्यक्षात गाड्या जातात त्याच पट्ट्यातल्या गावांना तिघातिघांकडून ताडपत्री मिळते आणि वरच्या वस्तीकडे कोणीच फिरकत नाही. बैठका इंग्रजीत चालत असल्याने ज्या स्थानिक संस्थांना हे ठाऊक असते, त्या मागच्या खुर्च्यांवर गप्प बसतात, हा दोष पद्धतीचा नसून ती चालवणाऱ्यांचा आहे, असे माझे मत आहे.

नेपाळच्या बाबतीत आणखी एक अडचण होती. तिथे स्थानिक निवडणुका १९९७ नंतर थेट २०१७ मध्येच झाल्या; २००२ मध्ये आधीच्या सदस्यांची मुदत संपल्यापासून गावपातळीवर निवडून आलेला कोणीही नव्हता. भूकंपाच्या वेळी प्रमुख जिल्हा अधिकारी वर, गाव विकास समितीचा सचिव खाली, आणि काही ठिकाणी एकाच सचिवाकडे एकापेक्षा अधिक गावे, अशी व्यवस्था होती. सर्व देणग्या पंतप्रधान मदतनिधीतून याव्यात असा आग्रह सरकारने धरला तेव्हा देणगीदार बिचकले आणि संस्थांमध्ये बराच गोंधळ उडाला. केंद्रातला एक कक्ष कितीही सुसज्ज असला, तरी त्याला माहिती पुरवणारी गावातली साखळीच तुटलेली असेल, तर तो आदेश तरी कशाच्या आधारावर देणार?

उतारावरून

तुलनेसाठी ८ ऑक्टोबर २००५ चा काश्मीरचा भूकंप पाहावा. तीव्रता ७.६, केंद्र मुझफ्फराबादजवळ, आणि एकट्या पाकिस्तानच्या बाजूला ७३,००० हून अधिक मृत्यू. क्लस्टर पद्धत प्रथम वापरली गेली ती इथेच. झेलम आणि नीलम नद्यांच्या खोऱ्यांतले रस्ते दरडींखाली गेले होते आणि बर्फ पडायला काही आठवडेच उरले होते.

तिथला मोठा वाद असा होता की लोकांना खाली छावण्यांत आणावे की छप्पर वर न्यावे. छावणी चालवणे संस्थांना सोपे जाते, कारण पाणी, दवाखाना, शिधा सगळे एका जागी देता येते. पण गुरे, जमीन आणि ढिगाऱ्याखालचे लाकूड सोडून यायला बरीच कुटुंबे तयार नव्हती, आणि वाटलेले पुष्कळसे तंबू त्या थंडीत तग धरणारे नव्हते. अखेर सुमारे ५,००० फुटांहून उंचावरच्या वस्त्यांसाठी प्रत्येक कुटुंबाला निदान एक ऊबदार खोली, असे धोरण ठरले आणि त्यासाठी पत्रे व अवजारे वर पाठवण्यात लष्कर व स्वयंसेवी संस्था जुंपल्या गेल्या. निर्णय एकट्या इस्लामाबादेत होत नव्हते. मुझफ्फराबाद, बाग, मानसेहरा आणि बटग्राम इथे समन्वयाची केंद्रे होती, त्यामुळे खोऱ्यातली बातमी निर्णय घेणाऱ्याच्या जवळ राहिली. राजकारण अर्थातच सुटले नाही: भारताने देऊ केलेली हेलिकॉप्टरे पाकिस्तानला वैमानिकांविना हवी होती, भारताला ते मान्य नव्हते, आणि ती गेलीच नाहीत. नियंत्रण रेषा ओलांडण्याची पाच ठिकाणे मात्र नोव्हेंबरमध्ये खुली झाली.

पायवाट

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एकच शंका राहते. वाट सापडली, माल चढला, तर वस्तीवर कोणाला द्यायचे हे कोण ठरवते?

गोदामवाला

सचिवाची यादी ही सुरुवात. तेवढ्यावर वाटप केले तर भांडणे ठरलेली. यादीतला ‘एक कुटुंब’ म्हणजे एक चूल की एक घर, यावर सगळे अडते. भाऊ वेगळे राहत असतात, पण घर वडिलांच्या नावावर असते. विधवा दिराच्या छपराखाली राहते आणि तिचे नाव कुठेच नसते. आम्ही यादी वाटपाच्या आदल्या दिवशी शाळेच्या मैदानावर मोठ्याने वाचायचो आणि बायका पाणी भरून परतल्यावरच वाचन सुरू करायचो, कारण चुली किती आहेत हे त्याच अचूक सांगत. एका वस्तीत अशा वाचनानंतर नऊ कुटुंबांची भर पडली. आमचे पत्रे मूळ यादीइतकेच होते. गावकऱ्यांनी तिथेच बसून ठरवले की ज्यांच्या घरात तान्ही मुले आहेत त्यांना आधी द्यावे, आणि उरलेल्या नऊ जणांची नावे आम्ही पुढच्या खेपेसाठी लिहून घेतली. ती खेप जूनच्या अखेरीस, पाऊस लागल्यावर पोहोचली.