सिकलसेल आणि सीजीएमपी: वाढवायचं की नाही? मदत हवी आहे

सिकलसेलमधल्या संकेतमार्गांवर काम करणाऱ्या औषधांवर सेमिनार द्यायचाय आणि एका जागी पुरती अडकलेय.

ऑक्सिजन सुटला की हिमोग्लोबिन एसचे (सिकलसेलमधल्या बदललेल्या हिमोग्लोबिनचे) धागे बनतात, लाल पेशी कोयत्यासारखी वाकते, हे झालं. पुढे त्या पेशी फुटतात, मोकळं झालेलं हिमोग्लोबिन नायट्रिक ऑक्साइड फस्त करतं, त्यामुळे सीजीएमपी (पेशीच्या आत निरोप पोहोचवणारा, रक्तवाहिन्या सैल ठेवणारा रेणू) कमी पडतं आणि रक्तवाहिन्या आकसतात. म्हणजे सीजीएमपी वाढवलं की बरं वाटायला हवं, नाही का? सिल्डेनाफिल हे औषध सीजीएमपी मोडणारं पीडीई-५ हे एन्झाइम अडवून तेच करतं. मग सिकलसेल रुग्णांवरची त्याची चाचणी २००९ मध्ये अर्ध्यात का थांबवावी लागली? वेदनांमुळे भरती झालेले रुग्ण सिल्डेनाफिल गटात ३५ टक्के, प्लासिबो (औषध नसलेली गोळी) गटात १४. अगदी उलटं!

त्यात सिकलसेलवर दिलं जाणारं हायड्रॉक्सीयुरिया. प्रयोगशाळेतल्या पेशींमध्ये ते याच नायट्रिक ऑक्साइड-सीजीएमपी मार्गाने गर्भ-हिमोग्लोबिन (गर्भात असतानाचं, धागे बनू न देणारं हिमोग्लोबिन) वाढवतं असं वाचलं. रेणू तोच, मग एकीकडे तारक आणि दुसरीकडे त्रासदायक कसा? पी-सिलेक्टिनचं (पेशींना रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटवणारं प्रथिन) समजलंय, ते नको. एवढी गाठ कोणी सोडवेल का?

प्रतिसाद १:
सीजीएमपी कुठल्या पेशीत वाढतंय ते आधी बघा. गर्भ-हिमोग्लोबिनसाठी ते अस्थिमज्जेतल्या, लाल पेशी घडवणाऱ्या पेशींत वाढायला हवं. पीडीई-५ प्रामुख्याने रक्तवाहिन्यांच्या स्नायूंत असतं. शिवाय ती चाचणी फुप्फुसांतल्या वाढलेल्या रक्तदाबासाठी होती, वेदना कमी करण्यासाठी नव्हे. सिल्डेनाफिलने एरवीही काहींची पाठ आणि स्नायू दुखतात, त्यामुळे दुखण्याचं कारण अडलेला रक्तप्रवाहच होता असं धरून चालू नका.

प्रतिसाद २:
वरचं पटलं, पण ‘पेशी बरोबर निवडली की झालं’ असं स्लाइडवर लिहू नका, कोणीतरी तिथेच पकडेल. पीडीई-९ हे सीजीएमपी मोडणारं दुसरं एन्झाइम अडवणारं, रक्तपेशींकडे जास्त रोख असलेलं टोविनॉन्ट्रिन हे औषध आलं होतं, तेही २०२२ मध्ये परिणाम न दिसल्याने बंद पडलं. आणि हायड्रॉक्सीयुरियाचं सगळं श्रेय सीजीएमपीला देऊ नका. ते रायबोन्युक्लिओटाइड रिडक्टेज (डीएनएचे घटक बनवणारं एन्झाइम) अडवतं, पांढऱ्या पेशीही कमी करतं. मी असते तर सिल्डेनाफिल आणि टोविनॉन्ट्रिन शेजारी-शेजारी ठेवून त्यावरच दहा मिनिटं बोलले असते.

मूळ प्रश्नकर्ती:
टोविनॉन्ट्रिन माहीतच नव्हतं! आता त्याच्या चाचणीचे निकाल शोधते.