दोन-दोन तासांच्या सत्रांत प्युअर डेटा शिकवताना सुरुवात कोठून करावी?

प्रश्न
प्रोग्रामिंगचा गंधही नसलेल्या वीस जणांना मला दोन-दोन तासांच्या तीन सत्रांत प्युअर डेटा, म्हणजे पडद्यावरच्या चौकटी तारांनी जोडून आवाज घडवण्याचे सॉफ्टवेअर, शिकवायचे आहे. मागच्या खेपेस पहिला पाऊण तास मी वारंवारता आणि सँपलिंग (ध्वनीची आकड्यांत नोंद) समजावण्यात घालवला, आणि प्रत्यक्ष पॅच (चौकटींची जुळणी) जोडण्याची वेळ आली तेव्हा निम्म्या हेडफोनमधून आवाजच येईना. आधी सिद्धान्त सांगावा की आधी आवाज काढावा?

उत्तर १
आधी आवाज, आणि तोही पहिल्या दहा मिनिटांत. ऑस्क~ २२० (सेकंदाला २२० कंपनांची लहर देणारी), त्याखाली *~ ०.०५ (पातळी कमी करणारा गुणाकार) आणि शेवटी डॅक~ (आवाज हेडफोनकडे पाठवणारी), एवढ्या तीनच चौकटी जोडायला लावाव्यात. मधली गुणाकाराची चौकट कधीही गाळू नये, कारण ऑस्क~ उणे एक ते अधिक एक अशी पूर्ण पातळीची लहर देते आणि ती थेट हेडफोनमध्ये गेली तर कानांना इजा होऊ शकते. आवाज आला नाही तर बहुधा डीएसपी (ध्वनीची गणना करणारी यंत्रणा) सुरू केलेले नसते; एकाच कानात आला तर डॅक~च्या उजव्या प्रवेशाला तार जोडायची राहिलेली असते.

मग २२०च्या जागी ४४० लिहायला सांगावे. तोच सूर वरच्या सप्तकात गेल्याचे कान स्वतःच सांगतो. त्यानंतर २२० आणि २२२ अशा दोन ऑस्क~ एकत्र वाजवाव्यात, म्हणजे आवाज सेकंदाला दोनदा हेलकावे घेतो. हे विस्पंद ऐकल्यावर ‘असे का होते?’ हा प्रश्न सहभागीच विचारतात, आणि सिद्धान्ताची खरी वेळ तीच असते.

उत्तर २
वरील क्रमाशी मी पूर्ण सहमत आहे, मात्र खरी अडचण दुसऱ्या सत्रात येते. बेरजेच्या चौकटीत उजवीकडचा आकडा बदलला तरी उत्तर बदलत नाही, कारण उजवा प्रवेश संख्या फक्त साठवून ठेवतो आणि हिशेब डाव्या प्रवेशात काही आल्यावरच होतो. नवख्या माणसाला वाटते की आपल्याच हातून काहीतरी बिघडले, आणि तो गप्प बसतो. म्हणून हा अडथळा आपण होऊन सर्वांसमोर दाखवावा. जाड तार ध्वनीची आणि बारीक तार निरोपांची (आकडे आणि आज्ञांची), हा भेदही तेव्हाच सांगावा. आवाजाची पातळी थेट आकड्याने बदलल्यावर येणारी खरखर आधी ऐकवावी आणि मगच लाइन~ (आकडा हळूहळू बदलणारी चौकट) जोडून ती घालवावी.

प्रश्नकर्ता
आभार. तयार पॅच द्यावा की कोरी खिडकी?

उत्तर १
पहिल्या सत्रात कोरी खिडकी द्यावी, कारण स्वतः ओढलेल्या तारेतून आवाज निघण्याचा आनंद तयार पॅचमध्ये मिळत नाही. तिसऱ्या सत्रात मात्र अर्धवट पॅच देऊन तो प्रत्येकाला आपापल्या परीने पुरा करू द्यावा. सॉफ्टवेअर मुक्त आणि विनामूल्य असल्यामुळे तीच फाइल त्यांना घरीही उघडता येईल.