मदत हवी आहे: मोठ्या टॅबवर एक्सेलमध्ये आकडा टाकता येईना

मंडळी, मी लातूरला आडत दुकानात मुनीम आहे. चष्म्याचा नंबर वाढला म्हणून मुद्दाम १२ इंची ॲन्ड्रॉइड टॅब घेतला. सोयाबीनच्या पट्ट्यांची (शेतकऱ्याला द्यायच्या विक्रीच्या हिशोबाची) फाईल एक्सेलमध्ये उघडली, दिसतंय सगळं झकास. पण हमालीच्या रकान्यात आकडा टाकायला गेलं की सबस्क्रिप्शन मागतंय. भाच्याच्या ८ इंची टॅबवर तीच फाईल, तेच खातं, अन् काही न मागता एडिट होते! चौकशी केली तर कळलं, १०.१ इंचापर्यंतच्या स्क्रीनलाच एडिटिंग फुकट. म्हणजे मोठा घेतला तीच चूक म्हणायची.

गुगल शीट्समध्ये बेरजा बरोबर येतात, पण पट्टी काढायचं मॅक्रोचं (एका दाबात सगळं काम करणाऱ्या छोट्या प्रोग्रामचं) बटण मेलं. ॲन्ड्रॉइडच्या एक्सेलातही मॅक्रो चालत नाहीत, मग पैसे भरून तरी काय उपयोग? शेतकऱ्यांची नावं जुन्या, युनिकोड (कुठल्याही यंत्रावर मराठी दिसायची आताची पद्धत) नसलेल्या फॉन्टात, टॅबवर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी.

मॅक्रोशिवाय, नुसत्या फॉर्म्युल्यावर पट्टी कुणी बसवलीय का? हमाली, तोलाई कापून निव्वळ रक्कम आली की झालं. अन् चारशे नावं युनिकोडात एकदम कशी आणायची? दिवाळीच्या आवकेआधी जमलं तर बरं होईल.